निर्हेतुक ओल

मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंच्या वलयावरचा ताबा सुटून प्राण्याच्या इच्छेवाचून, आणि बहुधा त्याच्या नकळत, लघवी गळत राहणे याला पशुवैद्यकात मूत्र-असंयम म्हणतात. परंतु अमरावती-अकोल्याकडच्या ज्या घरात असे मांजर नांदत असते त्या घरापर्यंत ही व्याख्या पोहोचते ती सगळ्यात शेवटी, आणि तोवर तिची जागा दुसऱ्याच उपपत्तीने घेतलेली असते. ती उपपत्ती अशी की, मांजराने डूख धरला आहे. डूख धरणे, म्हणजे दुखावणाऱ्याला नेमके लक्षात ठेवून सवडीने त्याचा सूड घेणे, हा लोकसमजुतीप्रमाणे सापाचा गुण असला तरी वऱ्हाडातील घरांत तो मांजराला सहज बहाल केला जातो, आणि एकदा बहाल केला की पुराव्याची वाण राहत नाही. ओल सुनेच्या उशीवर सापडली तर सुनेने परवा दुधाच्या पातेल्यावर वरवंटा ठेवला होता. ती जावयाच्या बॅगेवर सापडली तर जावयाने आल्या आल्या मांजराला खुर्चीवरून उठवले होते. आणि ती कुलदैवताच्या तसबिरीपुढच्या चौरंगावर सापडली तर मात्र घरात काही वेळ कोणी बोलत नाही व पत्रिका कोणाला दाखवावी याचा विचार सुरू होतो. ज्या सिद्धान्ताला कोणतीही घटना खोटा पाडू शकत नाही त्याला शास्त्रीय म्हणता येत नाही, ही कार्ल पॉपर यांची कसोटी प्रसिद्ध आहे. डुखाचा सिद्धान्त तिला उतरत नाही, पण ओली उशी हातात धरून उभ्या असलेल्या बाईपुढे हे बोलून दाखवणारा पॉपरपंथीय विरळाच.

मांजराच्या अस्थानी ओलीचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात, आणि तिन्हींचा डाग धुणाऱ्याला सारखाच दिसत असल्यामुळे त्यांची गल्लत होते. पहिला प्रकार फवारणीचा. वयात आलेला बोका भिंतीकडे पाठ करून, शेपूट ताठ उभारून व तिचे टोक किंचित थरथरवून मागच्या मागे आडवी धार सोडतो. ही हद्दीची निशाणी असून तिची नोंद तलाठ्याकडे होत नसली तरी गल्लीतल्या दुसऱ्या बोक्याकडे ताबडतोब होते, आणि नसबंदी केल्यावर ती बहुतेक वेळा थांबते. दुसऱ्या प्रकारात मांजर रीतसर बसून, पूर्ण शुद्धीत मूत्राशय रिकामे करते, फक्त जागा चुकवते, कारण त्याची नेहमीची पेटी घाण असते, मूत्राशयाला सूज आलेली असते किंवा घरात नवा पाळणा हललेला असतो. तिसरा प्रकार असंयमाचा. त्यात मांजर गाढ झोपलेले असते, जागे होते, आळस देते, पोटाखालची ओल लक्षात आल्यावर ती हुंगून पाहते आणि ‘हे कोणी केले’ अशा मुद्रेने दोन पावले सरकून कोरड्या जागी बसते. पहिल्या दोन प्रकारांत हेतू आहे, तिसऱ्यात तो नाही. आणि गल्लीतून, नात्यागोत्यातून व एसटी स्टँडवरच्या अनोळखी प्रवाशांकडून मिळणारा झाडून सगळा सल्ला हेतू असलेल्या मांजरासाठी असतो. (बोका वारंवार पेटीत बसून कुंथत असेल आणि नुसते थेंबच पडत असतील, तर तो असंयम नसून मूत्रमार्ग तुंबल्याची खूण असते, व ती एक-दोन दिवसांत जिवावर बेतत असल्यामुळे तेथे सर्व उपपत्ती बाजूला ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा लागतो.)

सल्ल्यांमध्ये अग्रमान संत्र्याच्या सालीला द्यावा लागतो. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील तेलाचा वास मांजरांना सहसा सोसत नाही ही गोष्ट खरी आहे, आणि वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा उशाशी असलेल्या अमरावतीत तिचा प्रयोग जितक्या सढळ हाताने करता येतो तितका अन्यत्र करणे कठीण. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यावर धरून दिवाळीच्या आगेमागे उतरणारी संत्री बाजारात आली की दिवाणाभोवती, सोफ्याखाली आणि गादीच्या चारी कोपऱ्यांना सालींची तटबंदी उभी राहते. मांजर त्या साली चुकवत, नाक मुरडत, अगदी सभ्यपणे मधून चालत जाते आणि जेथे झोप लागेल तेथे झोपते. ओल व्हायची ती होते, आणि घराला पूर्वी एक वास होता तेथे आता दोन होतात. ओलीत नाक घासण्याची जुनी शिक्षाही अशीच वाया जाते, कारण ज्या कृत्याचे कर्तेपण मांजराला ठाऊकच नाही त्याबद्दलची शिक्षा त्याच्या लेखी माणसाच्या चक्रमपणात जमा होते.

यापुढचा सल्ला पोत्याचा, आणि तो बहुधा कुंपणापलीकडून येतो. “काहून ठेवलं बापा असं मांजर घरात? पोत्यात घाला अन् द्या सोडून बडनेऱ्याले,” असे शेजारचे काकाजी दात कोरता कोरता सुचवतात. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा दुसऱ्या पेठेत सोडून देण्याची रीत जुनी आहे, आणि सोडणारा घरी परतण्यापूर्वीच मांजर येऊन चुलीपुढे बसल्याच्या कथाही तितक्याच जुन्या आहेत. तथापि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याला या कलमात १० ते ५० रुपये दंड ठेवलेला असल्यामुळे, अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत स्वतंत्र ऑटो केला तर गुन्ह्याचा खर्च शिक्षेपेक्षा जास्त येतो, हा भाग वेगळा. घरातला वाद मात्र कायद्याने मिटत नाही. तो मिटतो आजीच्या तोंडून, जी जपमाळेवरची नजर न काढता म्हणते, “त्याच्या हातातलं हाये काय ते? उद्या माह्यं असं झालं त मलेई बडनेऱ्याले सोडसान?” मूत्र-असंयमाची शास्त्रशुद्ध व्याख्या घरात प्रथम मांडली जाते ती अशी, पोत्याची घडी होते, काकाजी दुसऱ्या विषयाकडे वळतात, आणि मांजर, ज्याचा खटला चालू होता, ते आजीच्याच लुगड्याच्या पदरावर झोपलेले आढळते.

अमरावती जिल्ह्याला या बाबतीत परंपरेचाही आधार आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या आणि १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळच्या वलगावी देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, हे सर्वांना पाठ असते; पण त्यांच्या दशसूत्रीत, म्हणजे त्यांच्या शिकवणीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दहा कलमांत, मुक्या प्राण्यांना अभय देण्याचेही कलम आहे, याची आठवण सहसा कोणाला राहत नाही. असंयमी मांजर पाळणाऱ्या घराला ही दोन्ही कलमे एकाच सकाळी, एकाच फरशीवर पाळावी लागतात, आणि त्यातले पहिले दुसऱ्यामुळेच उद्भवते.

असंयमाच्या कारणांपैकी तरण्या मांजरांत ठळक असलेले कारण शेपटीचे. शेपूट दाराच्या फटीत, गाडीच्या चाकाखाली किंवा एखाद्या अतिप्रेमळ बालकाच्या मुठीत सापडते, मांजर जिवाच्या आकांताने पुढे झेपावते, आणि त्या हिसक्याने शेपटीच्या मुळाशी, कण्याच्या शेवटच्या टोकातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला ताण बसतो. मूत्राशयाला व गुदद्वाराला हुकूम पोहोचवणारे तंतू त्याच भागातून जात असल्यामुळे शेपूट लुळी पडते आणि मूत्राशय भरत राहते. रिकामे होण्याचा हुकूम खाली पोहोचत नाही, आणि काठोकाठ भरल्यावर जे वर येते ते सांडते. शेपटीच्या मुळाशी संवेदना शिल्लक असेल तर मांजर सुधारण्याची आशा बरीच असते, व सुधारणा व्हायची ती पहिल्या महिनाभरात दिसू लागते. वऱ्हाडातला उन्हाळा अशा अपघाताला अनुकूल म्हणावा लागेल, कारण दुपारच्या झळांनी दारे धाडकन आपटतात आणि मांजर, कूलरचा वारा जेथून जातो ती जागा अचूक हेरून, नेमके उंबऱ्यावर पसरलेले असते. म्हाताऱ्या मांजरांची गोष्ट वेगळी. त्यांची मूत्रपिंडे थकतात, काहींना मधुमेह जडतो, ती पाणी खूप पितात, लघवी तितकीच होते, आणि ती सगळी जागेपणीच होईल अशी हमी त्या वयात कोणीच देऊ शकत नाही.

निदानासाठी अकोल्याची वाट धरणाऱ्यांना नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतली स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था तेथे आहे. अमरावतीहून तिकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ चा इतिहासही या विषयाशी निगडित आहे, कारण तुंबलेले मूत्राशय आणि रस्त्यावरचे खड्डे यांचा संबंध कार्यकारणाचा असतो. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यात आला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. या विक्रमाचे अनेकांनी अनेक अर्थ लावले, परंतु टोपलीत मांजर घेऊन मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होता की पूर्वी जे बडनेऱ्याच्या आसपास व्हायचे ते आता मूर्तिजापूरपर्यंत लांबते. दवाखान्याच्या ओसरीवर मात्र मांजर उपरेच ठरते. पूर्णा नदीच्या काठची, फिक्कट रंगाची पूर्णाथडी म्हैस घेऊन आलेला शेतकरी टोपलीत डोकावून आजार काय म्हणून विचारतो, आजार ऐकून गंभीर होतो, आणि मग अत्यंत सहानुभूतीने विचारतो, “मंग हे देते काय?” या प्रश्नाला मांजरवाल्याकडे उत्तर नसते. सरकारकडेही नसावे, कारण २०१९ च्या २० व्या पशुगणनेत कुत्री, ससे आणि हत्तीसुद्धा मोजले गेले, मांजरे मोजली गेली नाहीत. अकोल्यात गोरक्षण रोड आहे, गायीचे मूत्र बाटलीत भरून विकले जाते, आणि मांजराच्या मूत्रासाठी अजून तरी फडक्यापलीकडे कोणतीही व्यवस्था अस्तित्वात आलेली नाही.

मूत्राशय हाताने रिकामे करणे ही डॉक्टरांकडून शिकून घेण्याची क्रिया असून घरातल्या एकाच माणसाला ती साधते. कोणाला साधेल हे शिक्षणावर, वयावर किंवा मांजरावरील प्रेमावर अवलंबून नसते. मांजराला उंच ओट्यावर उभे करून, एक हात छातीखाली ठेवून, दुसऱ्या हाताचा अंगठा व बोटे मागच्या पायांपुढच्या मऊ पोटावर दोन्ही बाजूंनी टेकवली की आत लिंबाएवढी, भरली असेल तर संत्र्याएवढी, गुळगुळीत गोळी लागते. ती निसटू न देता सावकाश, शेपटीच्या दिशेने दाब वाढवत न्यायचा असतो, कारण घाई केली तर मूत्राशयाला इजा होण्याची भीती असते आणि भीड धरली तर काहीच होत नाही. काही क्षण मांजर, माणूस आणि काळ तिघेही थांबतात. मग धार लागते, माणसाचा चेहरा उजळतो, आणि कचेरीत कारकुनांच्या वर्षभराच्या रजा हाताळणारा गृहस्थ स्वयंपाकघराकडे तोंड करून ‘झाली!’ असे ओरडतो, त्याबरोबर आतून ‘किती?’ असा प्रश्न येतो. ही क्रिया दिवसातून दोन-तीन वेळा, ठरलेल्या वेळी करावी लागते. अमरावतीत अप्पर वर्धा धरणाचे पाणी दिवसाआड आणि अकोल्यात काटेपूर्णेचे पाणी कित्येक दिवसांआड नळाला येत असल्यामुळे, अशा घरात वेळापत्रकाप्रमाणे चालणारा प्रवाह हा एवढाच असतो.

पाण्याचा विषय निघाला आहे तर वासाचाही काढावा लागेल. पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातला, त्यामुळे मांजराची मूत्रपिंडे शेवटच्या थेंबापर्यंत पाणी राखतात व लघवी अतिशय घट्ट होते. टंचाईच्या मुलखात ही काटकसर वाखाणण्याजोगी ठरली असती, पण मांजर जे पाणी वाचवते त्याच्या शेकडोपट पाणी ती लघवी धुणाऱ्याला खर्चावे लागते, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथे भूगर्भातले पाणीच खारट आहे अशा अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील पट्ट्यात, साबणाला धड फेसही येत नाही. या लघवीत फेलिनीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. त्याच्या निर्मितीत कॉक्सिन हे प्रथिन विकराचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्याचे काम करते, हे मासाओ मियाझाकी व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. नसबंदी न झालेल्या बोक्यात दोन्हींचे प्रमाण सर्वाधिक असते. फेलिनीनला स्वतःला फारसा वास नाही. ते बाहेर पडल्यावर हळूहळू विघटित होते आणि त्यातून गंधकाची ती उग्र संयुगे तयार होतात, त्यामुळे वास ताबडतोब न येता पाहुणे स्थिरस्थावर होऊन पहिला पेढा तोंडात टाकतात त्या सुमारास येतो.

वऱ्हाडी घरात यात कूलर भर घालतो. लघवी वाळली तरी तिच्यातले क्षार फरशीच्या सांध्यांत आणि लाकडात चिकटून राहतात व हवेत दमटपणा आला की पुन्हा गंधित होतात; विदर्भात एप्रिल लागताच खिडकीत कूलर बसतो, त्याच्या ओल्या वाळ्यातून गार वारा घरभर खेळू लागतो, आणि डिसेंबरात धुऊन पुसून निकाली काढलेला दिवाण त्या दिवशी पुन्हा बोलू लागतो. यावर घरोघरी केला जाणारा उपाय फिनाइलचा. तो उपाय वासाला बरा आणि मांजराला घातक आहे, कारण फिनॉल वर्गातील द्रव्ये निकामी करण्याची मांजराच्या यकृताची शक्ती तोकडी असते (माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, तीही याच उणिवेमुळे) आणि फिनाइलच्या फरशीवरून चाललेले मांजर पुढच्या पाच मिनिटांत आपले पंजे चाटते. अमोनिया असलेली द्रावणे तर लघवीचीच आठवण करून देतात. साध्या फडक्याने टिपणे, भरपूर पाणी, पातळ व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि विकरे घातलेली धुण्याची पावडर, एवढ्यावर भागवावे लागते. उदबत्तीने काही साधत नाही, फक्त त्या वासाला धार्मिक अधिष्ठान मिळते.

गादी हा या संसारातला सर्वांत खर्चिक भाग. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख, त्यामुळे फोमच्या गाद्या आल्या तरी पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी घरात असतेच. कच्च्या रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो व त्यामुळे ती पाणी लवकर घेत नाही. तो थर कारखान्यात काढून टाकला की त्याच रुईचा दवाखान्यातला शोषक कापूस होतो. गरम पाणी, सोडा आणि साबण यांनी वारंवार धुतलेली मांजराची गादी याच मार्गाने निघालेली असते, म्हणजे दर धुण्यागणिक ती अधिकाधिक वैद्यकीय दर्जाची होत जाते आणि पुढची ओल पहिलीपेक्षा तत्परतेने पिते. वाळवण्याची अडचण मात्र उन्हाळ्यात नसते. अकोल्यात मे २०२० मध्ये पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. अशा उन्हात गच्चीवर टाकलेली गादी दुपारपर्यंत कडकडीत होते. पण त्याच महिन्यात त्याच गच्चीवर कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या आणि पापड वाळत असतात, आणि मग गच्चीची फाळणी अटळ ठरते. उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून गादी पूर्वेच्या कठड्याला आणि कुरड्या पश्चिमेला, असा करार सासू-सुनेत होतो. वारा फिरला की वरून ‘गादी उचला!’ अशी हाक येते व घरातले सगळे, दुपारची झोप टाकून, अनवाणी पायांनी तापलेल्या स्लॅबवर नाचत गादी हलवतात. शेजारच्या गच्चीवरून हे रोज पाहणाऱ्या काकू, गादीवरच्या नकाशाकडे नजर टाकून, घरातल्या आठवीतल्या मुलाला ओवा-गूळ खायला द्यावा असे त्याच्या आईला हळूच सुचवतात. मुलगा त्यानंतर महिनाभर क्रिकेट खेळायला बाहेर पडत नाही.

मांजराच्या पेटीत घालायच्या मातीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९४७ मध्ये एडवर्ड लो या तरुणाने शेजारणीला तिच्या मांजरासाठी राखेऐवजी मुलतानी मातीच्या जातीची दाणेदार माती दिली, कारण राखेत पाय घालून मांजर घरभर काळी पावले उमटवत होते. त्यातून मांजरमातीचा धंदा उभा राहिला. पुढे लघवी पडताच गोळा होणारी माती आली, ती बेंटोनाइटची, आणि बेंटोनाइटमधला मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारे खनिज. वऱ्हाडची काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात माणसाचा पाय जाईल इतकी भेगाळते आणि घरांच्या भिंती तडकवते, ती याच खनिजकुळाच्या बळावर. म्हणजे ज्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवला तिचीच चुलतबहीण पाकिटात बंद होऊन शहरातल्या दुकानात किलोच्या भावाने विकत घ्यावी लागते. शेतातली माती आणून पैसे वाचवण्याचा प्रयत्न घरातला कर्ता पुरुष एकदा करतोच; ती दाणेदार नसल्यामुळे तिचा चिखल होतो, मांजर त्यातून बाहेर पडते आणि लो यांच्या शेजारणीचा इतिहास पांढऱ्या चादरीवर पुन्हा लिहिला जातो. याहून गमतीची गोष्ट अशी की, असंयमी मांजराला पेटीची गरज नसते पण तिच्याविषयी आदर असतो. ते नियमाने पेटीत जाते, खड्डा खणते, बसते, काहीही होत नाही, ते नसलेल्या गोष्टीवर काळजीपूर्वक माती लोटते, कोपरा पुन्हा एकदा तपासते, आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानाने बाहेर येऊन सतरंजीवर ओल करते.

शेवटचा उपाय लंगोटाचा. तान्ह्या बाळाचा सर्वांत लहान मापाचा डायपर घेऊन, शेपटीपुरते भोक पाडून, उलट्या बाजूने बांधला की मांजर प्रथम जागच्या जागी आडवे पडते, नंतर मागे मागे चालू लागते, जणू शरीरातून मागच्या दाराने निघून जाता येईल, आणि भिंतीला टेकल्यावर थांबते. आतला कापूस वेळेवर बदलला नाही तर कातडी लाल होऊन सोलवटते, म्हणून पोटाखालचे केस कापून ठेवावे लागतात व दर दोन-चार तासांनी तपासणी करावी लागते. डायपर विकत घ्यायला मेडिकलमध्ये जाणाऱ्या साठीच्या गृहस्थाला दुकानदार ‘नातू झाला काय आबाजी?’ असे आनंदाने विचारतो. खरे सांगावे तर अर्धा तास जातो आणि खोटे सांगावे तर पेढे द्यावे लागतात. मुलगी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या दिवशी मांजराला मागच्या खोलीत ठेवतात, तरीही पोह्यांच्या बशा फिरत असताना लंगोट घातलेले मांजर मागे मागे चालत बैठकीत प्रवेश करते व मुलाच्या आत्याबाईंच्या पायाशी येऊन टेकते. त्यानंतरच्या बोलण्यात हुंड्याचा, पत्रिकेचा किंवा नोकरीचा विषय निघत नाही, सगळा वेळ मांजरावरच जातो, आणि अशा बैठकीतून जुळलेली लग्ने टिकतात असे वऱ्हाडातल्या मध्यस्थांनी अद्याप म्हटलेले नसले तरी मुलाकडचे धीराचे आहेत की नाहीत हे तेवढ्या वेळात कळून चुकते.

लग्नाचा उल्लेख आला आहे तर या मांजराच्या सामाजिक परिणामांपैकी सर्वांत दूरगामी परिणाम सांगणे क्रमप्राप्त आहे. दिवसातून तीनदा मूत्राशय दाबावे लागणारे मांजर शेजाऱ्यांवर सोडून जाता येत नाही, आणि ते कसब घरातल्या एकाच माणसाला साधलेले असल्यामुळे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर अशा गावोगावी भर उन्हात होणाऱ्या लग्नांपैकी एकालाही त्या माणसाला जाता येत नाही. हा माणूस बहुधा घरातला वडीलधारा पुरुष असतो. प्रथम त्याच्याविषयी हळहळ व्यक्त होते, मंडळी निघताना त्याच्यासाठी डब्यात पुरणपोळ्या झाकून ठेवल्या जातात, आणि तो दाराशी उभा राहून, कडेवर लंगोटातले मांजर घेऊन, सगळ्यांना मोठ्या मनाने निरोप देतो. मग दार लावून कूलर पूर्ण वेगात सोडतो, बनियनवर बसतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला एकही आहेर करावा लागत नाही. शेपटीला इजा झालेली बरीच मांजरे काही आठवड्यांत सुधारतात हे वर नमूद केलेच आहे. ज्या घरात असे मांजर मेच्या पहिल्या आठवड्यात शेपूट हलवू लागते, पेटीत जाऊन खरोखरीच लघवी करू लागते आणि गादीही कोरडी राहू लागते, त्या घरात ही सुधारणा जून लागून लग्नसराई आटोपेपर्यंत कोणालाही कळत नाही. रोज सकाळी सतरंजीच्या एका कोपऱ्यावर पेलाभर पाणी सांडलेले असते, आणि ते पुसण्याचे काम आबाजी कोणालाही करू देत नाहीत.